सहाव्या पगारचिठ्ठीपर्यंत

(दांडिया बाजारातल्या एका मंडळाचे कार्यवाह विचारतात: आमचा हॉल सणवार सोडले तर रिकामाच असतो आणि गाठीला थोडी ठेव आहे. आसपासची मराठी मुलं, कुणी बारावी, कुणी आयटीआय, कुणी कॉलेज अर्धवट सोडलेली, कुठेतरी चिकटतात आणि दोन महिन्यांत सोडून घरी बसतात. मी स्वतः मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होतो, आता निवृत्त आहे. मुलांसाठी कॉम्प्युटर आणि शिवणाचे वर्ग काढावेत का? आमच्यासारखी संस्था चांगल्या नोकऱ्या खरंच निर्माण करू शकते का?)

काका, आधी सरळ उत्तर देते. वर्ग काढू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नको.

मी बडोद्यातल्या एका ट्रस्टमध्ये गेली बावीस वर्षं हेच काम करते आहे. पहिली चार वर्षं आम्हीही वर्गच चालवले. कॉम्प्युटर, हिशेबाचं टॅली, बोलायचं इंग्रजी. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, पाहुणे, सगळ्यांचा एकत्र फोटो. एका तुकडीतली झाडून सगळी मुलं कामाला लागली, असं आम्ही अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं. दिवाळीनंतर त्याच तुकडीतला एक मुलगा मला रावपुऱ्यात मामाच्या मोबाइलच्या दुकानात बसलेला दिसला. विचारलं, तर म्हणाला, "ते तर केव्हाच सोडलं ना, मॅडम." घरी येऊन मी वही काढली आणि पुढचे तीन दिवस एकेकाला फोन करत बसले. निम्म्याहून जास्त मुलं घरी होती.

कारणं ऐकत गेले तशी मला झोप लागेना. एकाचं काम हालोलला, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. पहाटे सव्वापाचला घर सोडायचं, रात्री नऊला परत. पगारातला मोठा हिस्सा बस, शटल रिक्षा आणि बाहेरच्या खाण्यात जायचा. दुसऱ्याकडून ठेकेदारानं पहिल्या महिन्याचा पगार "अनामत" म्हणून ठेवून घेतला होता आणि पुढचा रोखीत, चिठ्ठीशिवाय, दिला. एका मुलीची कामाची पाळी रात्री दहाला संपायची आणि तिथून परतायला वाहन नव्हतं. वडील आठ दिवस स्कूटरवर न्यायला गेले, मग त्यांनीच तिला बंद करायला लावलं. एकाला कुणी काही बोललं नव्हतं, पण तीन आठवडे कुणी काही शिकवलंही नव्हतं. नुसतं झाडायला आणि माल उचलायला लावत होते. यातलं एकही कारण आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. मुलांना टॅली येत होतं. अडलं ते टॅलीच्या बाहेर.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. नोकरी निर्माण करतो तो मालक. ज्याच्याकडे ऑर्डर आहे, मशीन आहे, तोच माणूस ठेवणार. संस्थेच्या हातात असतं ते त्या नोकरीचं रूप बदलणं, आणि पोराचा पाय तिथे टिकेपर्यंत त्याच्या मागे उभं राहणं. आम्ही आमचं काम आता मुलाच्या सहाव्या पगारचिठ्ठीपर्यंत मोजतो. त्याआधी कुणालाही "लागला" म्हणत नाही.

"चांगली नोकरी" म्हणजे काय, हे आधी मंडळात बसून ठरवा, कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतं. आपल्या पिढीला सरकारी किंवा रिफायनरीतली नोकरी म्हणजेच चांगली वाटते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे तेव्हाचे महासंचालक हुआन सोमाविया यांनी १९९९ मध्ये 'सन्मानाचं काम' ही कल्पना मांडली: काम हवं, त्याला सामाजिक सुरक्षा हवी, कामगाराचे हक्क हवेत आणि त्याचं म्हणणं ऐकलं जायला हवं. २०१५ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत आठव्या क्रमांकावर आलं. आम्ही मुलांसमोर हे चार साध्या प्रश्नांत मांडतो. हातात कागद आहे का? पगार बँकेत येतो का? पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, यांचे पैसे कापतात, तर ते भरतात का? आणि काही झालं तर ज्याच्याकडे जाऊन बोलता येईल असा एक माणूस तिथे आहे का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर पहिल्या तिन्हीची उत्तरं होय असूनही मूल टिकत नाही.

बडोद्याला हे नव्यानं शिकवायला नको. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले. पद होतं, पगार होता. पण कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत, प्यायला पाणी मिळेना, आणि राहत होते त्या पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं गेलं. कमाठीबागेत झाडाखाली बसून त्यांनी काय सोसलं, ते आज त्या जागी असलेल्या संकल्पभूमीवर जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी नव्या कार्यकर्त्यांना पहिल्या आठवड्यात तिथे नेते. जागा, पाणी आणि वागणूक या तीन गोष्टी नसतील, तर अमेरिकेत शिकलेल्या माणसालाही नोकरी टिकवता येत नाही. मग बारावीच्या पोराला आपण "टिकत नाही, आळशी आहे" म्हणतो, ते कशाच्या जोरावर?

दुसरी गोष्टही इथलीच आहे. महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती दिलं. रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम. दादासाहेब फाळके तिथे शिकले. गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि अमीन यांनी मिळून १९०७ मध्ये अ‍ॅलेम्बिक उभं केलं. म्हणजे शिकवणारा माणूस आणि कारखाना काढणारा माणूस एकमेकांना ओळखत होते. कधी कधी तर तो एकच माणूस होता. आज आपल्या वर्गांत शिकवणाऱ्या किती जणांनी गेल्या वर्षभरात मकरपुरा जीआयडीसीतलं, म्हणजे औद्योगिक वसाहतीतलं, एखादं शेड आतून पाहिलं आहे?

म्हणून तुमचं पहिलं काम मकरपुऱ्यात आहे, हॉलमध्ये नाही. आणि ते तुमच्यासारख्या माणसाशिवाय होणार नाही. मी गेले तर मालक मला चहा पाजतो, देणगीची पावती फाडायला आले असं समजून बोलतो. तुम्ही गेलात तर तो तुम्हाला मशीनजवळ घेऊन जाईल. पंधरा ते चाळीस माणसांची युनिटं निवडा: जॉबवर्क करणारी, ट्रान्सफॉर्मरचे भाग, पंप, व्हॉल्व्ह, पॅनल बनवणारी. मोठ्या कंपन्यांकडे सगळेच धावतात. या छोट्या शेठला कुणी विचारत नाही, आणि त्याची तक्रार एकच असते: माणूस मिळत नाही. इकडे आपली मुलं म्हणतात नोकरी मिळत नाही. दोघंही खरं बोलतात.

शेठला विचारा, गेल्या वर्षी किती पोरं आली, किती गेली, शेवटची तीन का गेली. हा प्रश्न त्याला सहसा कुणी विचारलेला नसतो. एक पोरगा महिन्यात सोडून गेला तर वाया गेलेला माल, रिकामं मशीन, उशिरा गेलेली ऑर्डर, याचा हिशेब त्यानं कधी मांडलेला नसतो. तुम्ही त्याच्यासमोर कागदावर मांडा. मग बोलणं सुरू होतं. आम्ही व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं धरता येणारा, ड्रॉइंग वाचता येणारा, वेळेवर येणारा मुलगा देतो, आणि सहा महिने त्याच्या मागे उभे राहतो. तुम्ही नियुक्तिपत्र द्या, पगार खात्यात भरा, पीएफ-ईएसआय नीट करा, आणि शिकवायला एक माणूस नेमून द्या. काही जण नाही म्हणतात. पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो, म्हणून कुणी कागदावर एकोणीसच ठेवतं. तिथून नमस्कार करून निघायचं. वाईट जागी मूल पाठवून आकडा वाढवण्यापेक्षा ते मूल आणखी महिनाभर आपल्याकडे बसलेलं बरं. जे हो म्हणतात, त्यांच्याकडे पाच वर्षांनी बघा. तेच दुसऱ्या शेठला फोन करून सांगतात.

नियुक्तिपत्राबद्दल आता कायदाही आपल्या बाजूनं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कामगाराला ते देणं बंधनकारक केलं आहे. पण कायदा आहे म्हणून कागद आपोआप हातात पडत नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

खऱ्या अर्थानं नवी जागा निर्माण होते, ती शिकाऊ उमेदवारीत. १९६१ च्या कायद्याप्रमाणे कंत्राटी धरून तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्याहून लहान युनिटंही, चार माणसांपासून पुढे, स्वखुशीनं घेऊ शकतात. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार देतं. छोट्या मालकाला हे बहुतेक माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलच्या कागदपत्रांची धास्ती असते. इथे संस्थेनं शिरावं. नोंदणी, करार, दर महिन्याची हजेरी भरणं, हे सगळं आमचे दोन कार्यकर्ते तरसाली आणि गोरव्याच्या आयटीआयवाल्यांशी बोलून करून देतात. ज्या शेडमध्ये कालपर्यंत जागाच नव्हती, तिथे दोन उमेदवार उभे राहतात. वर्षाअखेरीला परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आणि आमच्या हॉलमध्ये वाटलेलं प्रमाणपत्र यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

पण डोळ्यांत तेल घालून बघा. शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामगार नसतो, त्यामुळे त्याला पीएफ-ईएसआय लागू नाही. कामाचे तास, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई मात्र लागू आहे. काही ठिकाणी याचाच फायदा घेऊन "ट्रेनी" या नावाखाली पोराला तीन-तीन वर्षं राबवतात, मधेच नाव बदलून पुन्हा ट्रेनी करतात. एका कारखान्यात आमचा मुलगा असाच अडकला होता आणि आम्हाला दीड वर्षानं कळलं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. चूक आमची होती. आता पहिल्या भेटीतच विचारतो की आधीच्या उमेदवारांपैकी किती जणांना तुम्ही कायम ठेवलं, आणि करार पोर्टलवर नोंदवलेला स्वतः पाहिल्याशिवाय मुलाला पाठवत नाही.

आता हॉलचं काय करायचं ते सांगते. नोकरी लागल्यावर पहिले नव्वद दिवस फार नाजूक असतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन, आठव्या दिवशी फोन, आणि पहिल्या पगाराच्या रविवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलवायचं. प्रत्येकानं पगारचिठ्ठी आणायची. आम्ही ती ओळीनं वाचतो. मूळ पगार किती, कापलं किती, कशासाठी. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के पीएफ पोराचा जातो, तेवढाच मालक भरतो, आणि तो खरंच जमा झाला का हे उमंग अ‍ॅपवर पासबुक उघडून तिथल्या तिथे बघतो. ईएसआय २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचा सव्वातीन. पोरं आधी कुरकुरतात की पैसे का कापले. मग सांगायचं की या कार्डावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही उपचार मिळतात. आमच्या एका मुलाच्या आईचं ऑपरेशन त्या कार्डावर झालं. तेव्हापासून तोच नव्या मुलांना हे समजावून सांगतो, मला बोलावं लागत नाही. जादा कामाचे पैसे दुप्पट दरानं मिळायला हवेत, हे बहुतेक मुलांना त्या रविवारीच पहिल्यांदा कळतं.

त्या बैठकीत मुलं जे बोलतात, ते कारखान्यात कुणाला सांगत नाहीत. सेफ्टी शूज मिळाले नाहीत. सुपरवायझर आईवरून बोलतो. जेवायला जागा नाही. यातलं निम्मं एका फोननं सुटतं, फोन करणारा तुमच्यासारखा असेल तर. मंडळात कोयलीच्या रिफायनरीतून, खत कारखान्यातून, रेल्वेतून निवृत्त झालेली किती माणसं आहेत, मोजा. प्रत्येकाला तीन मुलं वाटून द्या. महिन्यातून एकदा भेटणं आणि अडीअडचणीला फोन उचलणं, एवढंच. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून स्वतःचा धंदा काढणाऱ्या तरुणांना कर्जासोबत असा एक अनुभवी मार्गदर्शक जोडून देतो. नोकरदार मुलालाही तसाच माणूस लागतो.

आणि ठेवीचं व्याज शिलाई मशीनवर घालू नका. पहिला पगार यायला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात. तोवर बसपास, डबा, बूट, आणि धुळे-नंदुरबारकडून आलेला मुलगा असेल तर खोलीची अनामत, हे पैसे घरात नसतात. त्यामुळे मूल पहिल्या पगाराआधीच गळतं. मंडळानं बिनव्याजी उचल द्यावी, पगारातून चार हप्त्यांत परत घ्यावी. आमच्याकडे बहुतेक मुलं फेडतात. न फेडणाऱ्याच्या घरी जाऊन बघितलं तर कारण जवळजवळ नेहमी आजारपण असतं. मुलांकडून नोकरी लावण्याचा एक रुपयाही घेऊ नका, "फॉर्मचे" म्हणूनही नाही.

मुलींबद्दल वेगळं सांगते. एकटीला कुठे पाठवू नका. एकाच युनिटमध्ये दोघी-तिघी मिळून पाठवा, आणि आधी एका आईला सोबत नेऊन ती जागा दाखवा: स्वच्छतागृह कुठे आहे, जेवायला कुठे बसतात, पाळी सुटल्यावर वाहन कसं मिळतं. आईनं एकदा पाहिलं की घरातला विरोध बराचसा मावळतो. आणि मालकालाही कळतं की मागे कुणीतरी आहे.

शिवणाबद्दल विचारलंत. शिवण वाईट नाही. पण मशीन चालवता आली म्हणजे गिऱ्हाईक आलं, असं होत नाही. इलाबेन भट्टांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' ही संघटना सुरू केली, ती घरी बसून किंवा रस्त्यावर काम करणाऱ्या बायकांना संघटित करायला. दर, कर्ज, बाजार यांवर त्या एकत्र बोलल्या. ती तयारी असेल तरच त्या वाटेला जा. सगळ्या मुलांना उद्योजक करण्याच्या घोषणा मला पटत नाहीत. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं रेशन नाही, त्याला आधी नियमित पगार लागतो.

कंपन्यांकडून सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी ठेवलेला, पैसा मिळेल का, हेही मनात असेल. मिळू शकतो. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाखाली मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो आणि रोजगारासाठीचं कौशल्य त्यात बसतं. पण तिथे बहुधा "किती शिकवली, किती लागली" एवढंच विचारतात. पैसे घेताना सहा महिने पाठपुराव्याचा खर्च प्रस्तावात लिहून मागा. नाही मिळाला तर लहान काम करा. आणि हे काम करायला जी दोन तरुण माणसं ठेवाल, त्यांना "सेवा आहे" म्हणून तुटपुंज्या मानधनावर ठेवू नका. आमच्या क्षेत्रात हे सर्रास चालतं आणि मला त्याची लाज वाटते. जी संस्था स्वतःच्या कार्यकर्तीला नियुक्तिपत्र देत नाही, तिनं मकरपुऱ्यातल्या शेठकडे कुठल्या तोंडानं मागायचं?

हल्ली प्रत्येक मुलगा विचारतो, "एअरबसमध्ये लावून द्या ना." २८ ऑक्टोबर २०२४ ला टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन झालं, ५६ पैकी ४० सी-२९५ विमानं इथे जोडली जाणार आहेत, म्हणून घराघरांत आशा आहे. मी मुलांना निराश करत नाही, पण सांगते की विमानाचा भाग बनवणारा पुरवठादार अचूक मोजमाप मागेल, आणि ते अचूक मोजमाप तू आज मकरपुऱ्यातल्या वीस माणसांच्या शेडमध्ये शिकू शकतोस. हे मुलांना पटतं, पण सांगणारा मशीनवर काम केलेला असेल तर.

सुरुवात लाभपाचमीनंतर करा. दिवाळीत कारखाने बंद असतात, नवरात्रात मुलं गरब्यात, आणि नवी भरती शेठ मुहूर्त करून उघडल्यावरच बोलतो. तोवर मंडळातल्या निवृत्तांची यादी आणि घरी बसलेल्या मुलांची यादी तयार ठेवा. पहिल्या वर्षी दहाच मुलं घ्या. पहिल्या पाच शेडमध्ये मी तुमच्याबरोबर येईन, बोलणं तुम्ही करायचं. घरी तुमचा मायक्रोमीटर अजून असेल तर तो खिशात असू द्या, कारण शेठ पहिल्या पाच मिनिटांत तुमच्या हातात एखादा जॉब, म्हणजे मशीनवरून उतरलेला भाग, ठेवणार आहे.